पुराची बातमी लिहिताना

सांगलीत पावसाळी बातम्या पहिल्यांदाच लिहितोयस, म्हणून सांगतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. तिशीतल्या पाण्यालाच ‘पूर’ म्हणालास, तर पंचेचाळिशीला कुठला शब्द उरणार? 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा ज्यांनी माळ्यावर सामान चढवलं, ते आजही मथळ्यातला एकेक शब्द तोलून वाचतात. ‘पाणी वाढतंय’, ‘पात्राबाहेर पडलं’ आणि ‘रस्त्यावर आलं’ या तीन वेगळ्या बातम्या आहेत.

‘कोयनेतून पाणी सोडलं’ हे तर अर्धवटच. पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालले तरी विसर्ग 2,100 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. धरणाचे वक्र दरवाजे उचलले की आकडा कैक हजारांत जातो. कुठून सुटलं ते पहिल्याच ओळीत लिही. टीएमसी (अब्ज घनफूट) हा साठा, क्युसेक हा प्रवाह. यांची सरमिसळ जुनेजाणतेही करतात.

‘हाहाकार’ वगैरे डेस्कवाले आपणहून घालतात, तू पुरवू नकोस. आणि ‘ओसरलं’ लिहिण्याआधी काठावरच्या माणसाला विचार. तो ‘थांबलंय’ म्हणाला, तर तेवढंच लिही.