इंटरनेटवरचा ऑफिस फोन: वाचकांचे प्रश्न

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा चार, फोन एकूण 25. विक्रेता म्हणतो, इंटरनेटवरच्या फोनसाठी लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखीव इंटरनेट जोडणी) घ्यावीच लागेल. खरं का? आणि 0233 चा जुना नंबर जाईल का?

आकड्यांवरून तरी गरज दिसत नाही. जी.711 कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) एका कॉलला जाताना-येताना प्रत्येकी साधारण 87 केबीपीएस लागतात. 25 फोनांवर एका वेळी दहा कॉल चालू धरले, तरी 1 एमबीपीएसच्या आत भागतं. आवाज तुटतो तो बहुधा अपलोड भरल्यामुळे: सीसीटीव्हीचं चित्रण क्लाउडवर जात असतं, कोणी मोठी फाइल चढवत असतं. राउटरमध्ये फोनच्या पॅकेटना, म्हणजे आवाजाच्या तुकड्यांना, प्राधान्य द्या (त्यासाठीची खूण: डीएससीपी 46). लाइनची परीक्षा सकाळी अकराच्या गर्दीत घ्या. एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत, जिटर (त्या विलंबातला चढउतार) 30 च्या आत आणि गहाळ पॅकेट एक टक्क्याहून कमी असतील तर साधं फायबर पुरतं.

लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. ती लाइन चालू ठेवा आणि एफएक्सओ गेटवेतून (लँडलाइन इंटरनेट फोनला जोडणारी पेटी) नव्या यंत्रणेला जोडा. गेटवेत भारतातला बिझी टोन भरायला सांगा: 400 हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. तो चुकला की समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते.

कराडमधल्या आमच्या संस्थेच्या फोनवरून रविवारी रात्री परदेशात शेकडो कॉल गेले. कर्मचारी तर कोणीच नव्हतं. हे कसं झालं?

इंटरनेटवर 5060 हे पोर्ट (इंटरनेट फोनचं नेहमीचं दार) उघडं असलेली यंत्रणा शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. एक्स्टेन्शन 101 आणि पासवर्डही 101, असं सापडलं की काम झालं. रविवार रात्र निवडतात, कारण सोमवार सकाळपर्यंत कोणी पाहत नाही.

आधी ट्रंक (बाहेरचे कॉल नेणारी-आणणारी जोडणी) देणाऱ्या कंपनीकडे आयएसडी बंद करा आणि रोजच्या खर्चाला मर्यादा घाला. हे कुलूप तुमच्या यंत्रणेच्या बाहेर असतं, त्यामुळे यंत्रणा फुटली तरी टिकतं. मग फायरवॉलमध्ये फक्त त्या कंपनीच्या आयपी पत्त्यांना वाट द्या. शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खाजगी, बंद मार्गाने) जोडा. प्रत्येक एक्स्टेन्शनला निदान 16 अक्षरांचा, वेगळा पासवर्ड द्या. चुकीचे प्रयत्न करणाऱ्याला अडवणारं फेल2बॅन चालू ठेवा आणि व्यवस्थापनाचं वेबपान बाहेरून दिसू देऊ नका. नुसता पोर्ट नंबर बदलणं म्हणजे संरक्षण नव्हे. मुख्य पासवर्ड मात्र संस्थेच्या तिजोरीत हवा, एकट्या विक्रेत्याकडे नको. आम्ही यावर ठाम आहोत.

संभाषण कोणी ऐकू नये म्हणून टीएलएस आणि एसआरटीपी दोन्ही मागा. पहिल्याने नंबर आणि पासवर्ड झाकले जातात, दुसऱ्याने आवाज. पण कॉल साध्या टेलिफोन जाळ्यात गेला की हे कवच संपतं. खातेदाराला पिन किंवा ओटीपी फोनवर विचारायचाच नाही, हा नियम म्हणूनच कायम ठेवा.

मिरजेतल्या आमच्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर पूर्ण दृष्टिहीन आहेत. नवी यंत्रणा घेताना काय पाहावं?

हा प्रश्न खरेदीआधी विचारलात हे फार चांगलं केलंत. जुन्या बोर्डावर बटणं बोटांना कळायची. नव्यात सगळं पडद्यावर गेलं, तर निष्णात माणूस एका दिवसात परावलंबी होतो.

विक्रेत्याकडून आठवडाभर चाचणीसाठी यंत्रणा मागा आणि निर्णय ऑपरेटरच्या हाती द्या. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा, तो मराठी बोलतो. माउस काढून ठेवा. आता फोन उचलणं, होल्डवर ठेवणं, आधी डॉक्टरांशी बोलून मग कॉल जोडणं आणि आलेला नंबर ऐकणं हे सगळं नुसत्या कीबोर्डने होतं का? कित्येक सॉफ्टफोनमध्ये (संगणकावरच्या फोन-प्रोग्रॅममध्ये) बटणांना नावंच दिलेली नसतात. स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. असा सॉफ्टफोन नाकारा.

दुसरी अडचण आवाजांच्या गर्दीची. रुग्णाचे नातेवाईक आणि स्क्रीन रीडर एकाच हेडफोनमधून एकदम बोलू लागले तर काहीच कळत नाही. त्यासाठी दोन साउंड डिव्हाइस ठेवा: कॉल एका कानाच्या हेडसेटवर, स्क्रीन रीडर दुसऱ्या कानातल्या साध्या इअरफोनवर. टेबलावरचा फोन घेणार असाल तर 5 वर उंचवटा आणि उठावाची खरी बटणं हवीत, टचस्क्रीन नको.

फोन करणाऱ्यांचाही विचार करा. स्वयंचलित सूचना मराठीत आधी, पर्याय चारच्या आत, ‘अपघात विभागासाठी 1’ अशा क्रमाने, म्हणजे काम आधी आणि अंक नंतर. उत्तराला दहा सेकंद द्या. 0 दाबला की माणूस भेटलाच पाहिजे. ऐकू न येणाऱ्यांसाठी मेसेजचा नंबर केसपेपरवर छापा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार सुगम सेवा हा त्यांचा हक्क आहे.

वाईच्या शाखेत पलीकडचं ऐकू येतं, आमचं जात नाही. काही कॉल अर्ध्या मिनिटात तुटतात.

राउटरमधलं सिप एएलजी (फोनच्या पॅकेटमध्ये ढवळाढवळ करणारी सोय) बंद करा, बहुतेक वेळा तेच कारण असतं. बरोबर 32 सेकंदांनी तुटणारा कॉल सांगतो की जोडणीची अखेरची पोच पलीकडून आली नाही. यंत्रणेत बाहेरचा आयपी पत्ता नीट भरला आहे का तेही पाहा.

सांगलीत पूर आणि वीज, दोन्हींची भीती. काय करावं?

2019 च्या पुरानंतर तळमजल्यावर सर्व्हर ठेवू नये हे सांगायला नको. विजेचा हिशेब असा: 20 फोन, प्रत्येकी सुमारे 5 वॉट, पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच फोनला वीज देणारा) आणि राउटर धरून दीडशे वॉट. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी नवी असताना सहा-सात तास काढते. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाताक्षणी सगळे फोन पुन्हा सुरू होत बसतात.

एक गोष्ट हमखास राहून जाते. कॉल मोबाइलवर वळवण्याची सोय तुमच्या यंत्रणेत ठेवलीत, तर यंत्रणाच बंद पडल्यावर ती कुठून चालणार? ती ट्रंक कंपनीच्या बाजूला लावून घ्या. जूनच्या आधी एका शनिवारी काम संपल्यावर राउटरची वायर काढा आणि बाहेरून फोन लावून पाहा.