जुलैचं राहू द्या, ऑक्टोबरचं विचारा

तुमचा प्रश्न असा: पुण्याजवळच्या रायडिंग क्लबात तुम्ही मुलांना शिकवता, कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या एका उन्हाळी रँच-कॅम्पवर मुलांना वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीचं, रायडिंग शिकवायची ऑफर आलीय, आणि बायको व दुसरीतल्या लेकीला घेऊन कायमचंच निघावं का? शेवटी "ताई, एकटेपणा फार येतो का?" असंही विचारलंयत. मी याच पट्ट्यात, कॅलगरी शहराजवळच्या कॉक्रेन आणि ब्रॅग क्रीक या गावांच्या आसपास हेच काम केलंय, अजूनही उन्हाळ्यात करते. म्हणून लिहितेय.

कुठला फॉर्म, किती फी, बायोमेट्रिक कुठे द्यायचं, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते तिथेच वाचा. एजंटाकडून ऐकू नका.

घोड्यांची चिंता सोडा. आपल्या क्लबांत बहुतेक रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. त्यांच्यावर नवशिकं पोर बसवून सुखरूप खाली उतरवणाऱ्याला इथला कॅम्पवरचा क्वार्टर हॉर्स, म्हणजे रँचच्या कामाचा शांत जातीचा घोडा, अगदीच समजूतदार वाटेल. पण हाताच्या सवयी मोडाव्या लागतील. आपण घोड्याच्या तोंडाशी कायम हलका ताण ठेवायला शिकलो. इथे लगाम सैल आणि एका हातात, घोडा मानेला टेकलेल्या लगामावरून वळतो. नवख्या मुलांना मात्र आधी दोन्ही हातांनीच शिकवायचं, नाहीतर ती एक हात कानापर्यंत नेऊन ओढत बसतात. रिकीब लांब सोडायची. दुडकीत उठबस करायची नाही, बसून राहायचं. 'व्हो' म्हणजे पूर्ण थांब, वेग कमी करायला तो शब्द वापरायचा नाही. घोड्याशी दिवसभर काहीबाही बोलत राहायची आपली खोड इथे लगेच टोकली जाते. रँचचं खोगीर पंधरा-अठरा किलोंचं असतं, ते उचलून घोड्याच्या पाठीवर अलगद ठेवायचं, आदळायचं नाही. एका झटक्यात तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायचा नाही. घोडा पोट फुगवून उभा राहतो, म्हणून चार पावलं चालवून परत आवळायचा आणि मूल बसायच्या आधी आणखी एकदा बघायचा. उधळू बघणाऱ्या घोड्याला एकाच बाजूचा लगाम आखडून मान वळवून थांबवणं मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा, उभ्या घोड्यावर.

दाब आणि सोडवणूक, सगळी गंमत यात आहे. पायाचा दाब द्यायचा आणि घोड्याने नुसता तसा प्रयत्न केला की त्या क्षणी दाब काढायचा. टॉम डोरन्स आणि रे हंट या अमेरिकन घोडा-प्रशिक्षकांची नावं तुमच्या कानावर पडतील, जुने रँचवाले आदराने घेतात. मला आपल्याकडे कुणी हे शब्दांत सांगितलं नव्हतं, पण एनसीसीच्या रिमाउंट, म्हणजे घोड्यांच्या, युनिटमधले आमचे जुने रिसालदार हातानं नेमकं हेच करायचे, एवढं आठवतं.

खरा फरक मोतद्दाराचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराचा, आहे. पुण्यात मूल गाडीतून उतरतं, घोडा खोगीर घालून तयार असतो, पाऊण तासाने लगाम मोतद्दाराच्या हातात दिला की झालं. इथे बाप भरपूर पैसे भरतो आणि पोरगं लीद उचलतं. कुरणातून घोडा पकडून आणायचा, मागून नाही, खांद्याकडून जायचं, खरारा करायचा, खूर साफ करायचे, सुटी गाठ मारून बांधायचा. कॅम्प रविवारी भरतो, शुक्रवारी पालक न्यायला येतात, त्यातला निम्मा वेळ मुलं जमिनीवरच असतात. तुम्ही त्यांना खोगिरावर लवकर बसवून खूश करायला गेलात, तर हेड रँगलर, म्हणजे कॅम्पच्या घोड्यांचा प्रमुख, बाजूला घेऊन समजावेल. मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण माझा चुलता रेसकोर्सवर सईस, म्हणजे मोतद्दारच, होता. घोड्याबद्दल मला जे कळतं त्यातलं बरंचसं त्याच्याकडून आलंय आणि त्याला कधी कुणी 'इन्स्ट्रक्टर' म्हटलं नाही.

चेहऱ्याचंही सांगते. काही पालक तुमच्याकडे बघून मग इन्स्ट्रक्टर कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहतील. काउबॉय म्हणजे कसा दिसायला हवा, ते त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मी आता शांतपणे दोन नावं सांगते. जॉन वेअर, अमेरिकेत गुलामीत जन्मलेला काळा माणूस, १८८२ मध्ये गुरांचा कळप घेऊन आल्बर्टात आला आणि इथल्या नामांकित रँचवाल्यांपैकी एक झाला. आणि टॉम थ्री पर्सन्स, इथल्या मूळनिवासी कैनाई जमातीचा, ज्याने १९१२ च्या पहिल्याच कॅलगरी स्टॅम्पीड या काउबॉय-जत्रेमध्ये बेफाम घोड्यावर टिकून राहायची स्पर्धा जिंकली. मॉर्लीकडची स्टोनी नाकोडा या मूळनिवासी जमातीची पोरं ज्या सहजतेने घोड्यावर बसतात ते पाहिलं की आपण शिकवायला आलोय याचीच लाज वाटते. "इंडियात घोडे असतात?" असं एकाने विचारलं, तेव्हा मी त्याला भीमथडी तट्टांपासून सारंगखेड्याच्या बाजारापर्यंत सगळं ऐकवलं. त्याला फक्त पार्किंग कुठे ते हवं होतं.

आता कागद. इथे माझा आवाज चढतो, सांभाळून घ्या.

तुमची ऑफर नीट वाचा. कॅम्पवरचा रायडिंग इन्स्ट्रक्टर इथल्या व्यवसाय-वर्गीकरणात करमणूक आणि खेळाच्या प्रशिक्षकांत बसतो, म्हणजे टीअर ४ (कामाला किती शिक्षण-अनुभव लागतो त्यावरून ठरलेली पायरी; आकडा जितका मोठा तितकी ती खालची). एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठीचा केंद्र सरकारचा मुख्य रस्ता, टीअर ० ते ३ चाच अनुभव मोजते. 'कोच' मात्र टीअर ३ मध्ये. म्हणजे स्पर्धेसाठी मुलगी तयार केलीत तर अनुभव, आणि घाबरलेल्या आठ वर्षांच्या पोराला आठवड्यात घोड्यावर हसायला शिकवलंत तर शून्य. आल्बर्टाचा स्वतःचा रस्ता आहे, पण त्यात हंगामी नोकरी चालत नाही. बायकोच्या ओपन वर्क परमिटचं, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायच्या परवान्याचं, विचारलंयत. जानेवारी २०२५ पासून ते टीअर ०, १ आणि २-३ मधल्या काही निवडक कामांपुरतंच उरलंय. तुमच्या कामावर तिला मिळणार नाही. तिने घरी बसायचं, डोंगराच्या पायथ्याशी, गाडी चालवता येत नसताना. हे तिला सांगितलंत का?

मालकाला तुमच्यासाठी एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस घ्यायची सरकारी मंजुरी, काढावा लागेल, त्याची फी जागेमागे १००० डॉलर. ही फी तुमच्याकडून वसूल करणं बेकायदा आहे. "आधी भर, मग पगारातून वळती करू" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. परमिट त्याच मालकाशी बांधलेलं असतं. मालक वाईट निघाला तर काय, हा प्रश्न लोक विमानात बसल्यावर विचारतात.

आमचं कसं झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला चुकीची आशा लागणार नाही. मी आधी एकटी एका हंगामाला आले आणि परत गेले. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी, झाली ती नवऱ्याच्या अर्जावर. तो भोसरीत सीएनसीवर मशिनिस्ट होता, आणि मशिनिस्ट या देशाला हवा आहे. मुख्य अर्जदार तो, मी 'सोबत येणारी पत्नी'. या देशाची वाट मी दाखवली, इथली थंडी मी आधी खाल्ली, पण कागदावर मी त्याच्या मागून आले. तो बिचारा याबद्दल कधी बोलत नाही. मीच बोलते, विशेषतः टॅक्स भरायच्या दिवसांत.

म्हणून कॅम्पवाल्यांना जुलैबद्दल विचारू नका. जुलै छानच असतो. रात्री दहापर्यंत उजेड, हिरवे डोंगर, पोरांची गाणी. त्यांना ऑक्टोबरबद्दल विचारा. कॅम्प सप्टेंबरच्या आसपास आटपतो. मग घोडे कोण सांभाळतं, किती माणसं ठेवतात, त्यात तुम्ही आहात का? राहायची खोली हिवाळ्यात गरम होते का? पाइप गोठतात का? उणे तीसमध्ये घोडे बाहेरच असतात, त्यांच्या अंगावर दाट केस येतात, त्यांचं बरं चालतं. तुमचं काय? पगार तासावर की दिवसावर? आल्बर्टात किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे, २०१८ पासून तेवढंच. पण कॅम्पवर दिवस पहाटे कळप आणण्यापासून शेकोटी विझेपर्यंत चालतो आणि त्यातून राहणं-जेवण कापतात. हिवाळ्यात मी सकाळी एका खासगी पागेत शेण-लीद काढते आणि दुपारी पशुखाद्याच्या दुकानात पोती मोजते. वाईट नाही. पण नात्यातल्या कुणी विचारलं तर मी "घोड्यांचंच काम करते" एवढंच सांगते.

लेकीच्या शाळेचं विचारलंयत तेव्हापासून मी खरं तर याच परिच्छेदाची वाट बघतेय.

माझा मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात चौथी करून आला. इथे वर्ग वयावर ठरतो, ते ठीक. पण पहिल्याच आठवड्यात त्याची तोंडी परीक्षा घेतली. बाई भरभर बोलत होत्या, तो बावरला, गप्प बसला, आणि कागदावर 'इंग्रजी ही अतिरिक्त भाषा' अशी नोंद पडली. विज्ञानाच्या तासाला त्याला उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे, चित्रं दाखवून 'अंब्रेला' म्हणायला लावायचे. ज्या पोराने वर्गात पाऊस कसा पडतो यावर उभं राहून बोलून दाखवलं होतं, त्याला छत्री! विज्ञानच तेवढं त्याला आवडायचं. अशा नोंदीच्या मुलांमागे शाळेला जादा अनुदान मिळतं, हे मला पुढे कळलं. तेवढ्यासाठीच केलं असं मी म्हणत नाही. मनात मात्र दर वेळी येतं. मी भेटायला गेले की सगळे इतके गोड हसायचे की भांडणच करता यायचं नाही. गणितात उत्तर बरोबर आलं तरी गुण नाहीत, कारण चौकोन काढून दाखवले नाहीत. तिसाच्या पाढ्यापर्यंत पाठ असलेलं पोर घरी येऊन म्हणालं, "आई, पाठ असणं इथे चिटिंगसारखं आहे का?" नोंद निघाली शेवटी, पण तोवर त्याने वर्गात हात वर करणं सोडलं होतं. ते अजून परत आलेलं नाही. तो आता मोठा झालाय, म्हणतो तू उगाच धरून बसलीयेस. असेल.

उन्हाळ्यात तर आणखी विचित्र. माझं मूल कॅम्पवर, पण कॅम्पर नाही. फी भरलेली मुलं ठरावीक, त्यांच्यामागे मोठी माणसं ठरावीक, विमा तेवढ्यांचाच. त्यामुळे शेकोटीच्या गोलात त्याला बसता यायचं नाही. दिवसा मी दुसऱ्यांच्या मुलांना "छान, खांदे सैल सोड" म्हणत असायची आणि तो कुंपणावर बसून बघायचा. त्याला शिकवायला मला उजेड उरायचा तो रात्री नऊनंतर. त्याने घोड्यावर बसणं सोडलं, कधी आणि का ते मी विचारलेलं नाही.

तुमच्या लेकीचे दाखले, प्रगतिपुस्तकं, लशींच्या नोंदी इंग्रजीत आणा. तोंडी परीक्षेच्या वेळी तुम्ही खोलीत बसू शकता का ते आधी विचारा, आणि तिला काही दिवस आधी सांगून ठेवा की कुणीतरी अनोळखी बाई प्रश्न विचारणार आहे. कॅम्पवर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी जागा आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी घ्या. गावाकडच्या शाळेची बस घरापासून किती वेळ घेते, तेही. डिसेंबरात ती अंधारात जाते आणि अंधारातच परत येते.

एकटेपणा? येतो. सकाळी गवताचे गठ्ठे टाकायचे असतात, त्यात जातो. कॅलगरीत मराठी मंडळ आहे, गणपतीत भाजी-पुरी मिळते, कुणीतरी पेटी काढतं. पुरे होतं.

बाकी किरकोळ. इथे लायसन्सची परीक्षा नव्याने द्यावी लागेल, आणि ट्रेलर मागे घेता आला तर तुमची किंमत रँचवर दुप्पट होते. मुलांबरोबर काम म्हणून पोलिसांकडची वेगळी तपासणी आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागेल. अस्वलाचा फवारा कमरेला लावायची सवय करा. ऑगस्टात वणव्याचा धूर आला की राइड रद्द होतात, तेव्हा कोठीत बसवून मुलांना गाठी शिकवायच्या. सुरुवातीला फॅन्सी बूट घेऊ नका, टाच असलेले साधे चालतात.

एकटे या एका हंगामाला, बायको-लेकीला पुण्यातच ठेवून, असं माझं मत. तुम्हाला ते आवडणार नाही. तुमचा उत्साह वाचूनच कळतंय. ऑफर लेटर मला पाठवा, कॅम्पचं नाव हवं तर झाका. काम संपायची तारीख त्यात कुठे आणि कोणत्या शब्दांत लिहिलीय तेवढं मला बघायचंय.