उत्तर: जुन्या स्टाफला ई-व्हेरिफायमध्ये घालू नका (जरा लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. फ्लोरिडात टॅम्पाजवळ केटरिंग आणि डबे, २३ माणसं, दिवाळीसाठी आणखी चौघं घ्यायची म्हणजे २५चा आकडा ओलांडणार, आणि २५ झाले की ई-व्हेरिफाय सक्तीचं (माणसाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, हे मालकाने ऑनलाइन तपासायची केंद्र सरकारची सोय). त्यात किचनमधल्या तिघीजणी न सांगता यायच्या बंद झाल्या आणि तुमचे सल्लागार म्हणताहेत, "एकदाच सगळ्यांची नावं ई-व्हेरिफायमध्ये घाला आणि मोकळे व्हा." हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय. अलाबामात, २०१२च्या मार्चमध्ये. ऐकलं आणि तसंच वागलो, म्हणून लिहायला बसलो.

आधीच सांगतो, मी वकील नाही. तुमचा कायदा फ्लोरिडाचा, माझा अनुभव अलाबामाचा आणि तोही जुना. हे वाचून परस्पर काही करू नका. आय-९ (माणूस कामावर घेताना भरायचा केंद्राचा फॉर्म) कसा भरायचा, कोणते कागद चालतात, तीन दिवसांची मुदत वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

आमची लॉन्ड्री होती. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, हायवेलगत. मोटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. मोटेल म्हटलं की पटेल हे तिथेही खरं, आणि त्या सगळ्या पटेल मंडळींची धुणी धुणारा मी एकटा मराठी. (हसू नका, धंदा बरा चालायचा.) एकूण १६ माणसं. २७ एप्रिल २०११ला तिकडे टॉर्नेडोंनी हाहाकार केला, टस्कलूसाचे भागच्या भाग सपाट झाले. मग छपरं बसवणारे, राडारोडा उपसणारे मजूर कुठून कुठून आले. आठवड्याच्या बोलीने मोटेलात राहायचे, एकेका खोलीत चौघं. मोटेलं भरलेली म्हणजे आमची मशीनं रात्री दहापर्यंत चालू. सांगायला बरं वाटत नाही, पण त्या संकटात आमचं चांगलं चाललं होतं.

त्याच वर्षी ९ जूनला अलाबामाचे गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी एचबी ५६वर, म्हणजे कागद नसलेल्या स्थलांतरितांविरुद्धच्या राज्याच्या कायद्यावर, सही केली. ॲरिझोनाचा तसाच कायदा, एसबी १०७०, आदल्या वर्षीचा. आमचा त्याहून कडक. पोलिसांनी कागद विचारायचे, शाळांनी मुलांची माहिती गोळा करायची, कागद नसलेल्या माणसाशी केलेला करार कोर्टात चालणार नाही, असं बरंच काही. प्रकरण कोर्टात गेलं. आम्ही म्हटलं, अडकेल. २८ सप्टेंबरला न्यायाधीश शॅरन ब्लॅकबर्न यांनी त्यातली बरीच कलमं लागू होऊ दिली. बुधवार होता. सोमवारी माझी सहा माणसं नव्हती. फोन बंद. एकीचा दोन आठवड्यांचा पगार माझ्या टेबलाच्या खणात होता, तो न्यायलाही कोणी आलं नाही.

त्या सहांपैकी कागद नसलेले किती होते, हे मी आजही सांगू शकत नाही. घरात एकाकडे ग्रीन कार्ड, दुसऱ्याकडे काहीच नाही, मुलं इथे जन्मलेली, अशी कुटुंबं असतात. एकाला भीती वाटली की सगळं घर उठतं. तुमच्या तिघीजणींबद्दलही लगेच काही ठरवून मोकळ्या होऊ नका.

माणसं गेली हे दिसतं. गिऱ्हाईक गेलं हे मला दोन आठवड्यांनी कळलं. तेच छपरंवाले मजूर रातोरात जॉर्जिया, टेनेसीकडे पांगले. जॉर्जियातही तसाच कायदा, एचबी ८७, आला होताच, पण तो आमच्याइतका भीतिदायक वाटला नसावा. मोटेलांच्या खोल्या ओस पडल्या. आधी चादरींना हात कमी पडतात म्हणून रडत होतो, मग हातांना चादरी कमी पडतात म्हणून. आमच्या रस्त्यावरची मेक्सिकन बेकरी बंद, शेजारचा टायरवाला बंद. ज्यांना या लोकांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचाही गल्ला हलका झाला.

पुढे अलाबामा विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सॅम्युअल ॲडी यांनी जानेवारी २०१२मध्ये हाच हिशेब मांडला. ४०,००० ते ८०,००० कामगार निघून गेले असं धरलं तर त्यांच्या न झालेल्या खर्चामुळे राज्याच्या जीडीपीला वर्षाला २.३ ते १०.८ अब्ज डॉलरचा फटका बसेल, आणि ७०,००० ते १,४०,००० रोजगार जातील, असा अंदाज होता. पल्ला फार मोठा आहे, त्यामुळे आकड्यावर वाद घाला हवं तर. पण गेलेला माणूस आपलं काम मागे ठेवून जातो आणि खर्च बरोबर घेऊन जातो, हे मी माझ्या वजनकाट्यावर पाहिलंय. आम्ही धुणं पौंडावर घ्यायचो.

"ते गेले तर स्थानिकांना काम मिळेल," हे तेव्हा रोज ऐकू यायचं. मीही आशेने जाहिरात दिली. अकरा जण आले. जुलैत नव्हे, ऑक्टोबरात, तरी इस्त्रीच्या रोलरसमोर उभं राहायला सहा जणांनी दुपारपर्यंतच नकार दिला. महिनाअखेर दोघे टिकले. त्यातला एक उत्तम निघाला, हेही सांगतो. आणि जे राहिले त्यांना मी तासाला आठाचे साडेनऊ डॉलर केले, तेव्हा त्यांचा फायदा झाला हे खरंच आहे. पण साडेनऊ देऊन मोटेलवाल्यांकडून भाव वाढवून मिळेना, कारण त्यांच्याच खोल्या रिकाम्या. चँडलर माउंटनवरच्या टोमॅटोवाल्यांचं तर पीक मळ्यात सडलं. शेजारच्या जॉर्जियात शेतावर प्रोबेशनवरचे गुन्हेगार पाठवून पाहिले, त्यातले बरेच अर्ध्यावर काम टाकून गेले. चादर निदान दुसऱ्या दिवशी धुता येते.

हे सगळं सहन झालं असतं. सहन झाली नाही ती माझी स्वतःची चूक.

१ एप्रिल २०१२पासून अलाबामात लहानमोठ्या सगळ्याच मालकांना ई-व्हेरिफाय सक्तीचं होणार होतं. जाणूनबुजून कागद नसलेला माणूस ठेवला तर व्यवसाय परवाना निलंबित, पुन्हा ठेवला तर रद्द. मी घाबरलेलो. आमचा पगाराचा हिशेब पाहणारी एक कंपनी होती, नाव घेत नाही. त्यांच्या माणसाने तोच मंत्र दिला: सगळ्यांना एकदाच घाला, फाइल स्वच्छ. नोंदणी करताना सरकारशी जो करार होतो तो मी वाचलाच नाही, नुसता खाली खाली सरकवत 'मान्य'वर टिचकी मारली. त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की ही तपासणी नोंदणीनंतर नव्याने घेतलेल्या माणसांचीच करायची. आधीपासून कामावर असलेल्यांची नाही. केंद्र सरकारचं कंत्राट असेल तर वेगळे नियम आहेत, पण तुम्ही डबे देता, तुम्हाला ते लागू नसावेत.

एका रविवारी बसून उरलेल्या सगळ्यांची नावं घातली. एक नाव अडकलं. 'तात्पुरती पुष्टी नाही', म्हणजे टीएनसी.

ती आमची सगळ्यात जुनी बाई. फोल्डिंगचं टेबल तिचं. सगळे तिला आबुएला म्हणायचे, म्हणजे आजी. चादरीवरचा डाग कॉफीचा की रक्ताचा हे लांबून सांगायची. स्पॅनिश बोलते म्हणून माझ्या डोक्यात ती कायम 'तिकडची'. सोमवारी तिला बोलावून म्हटलं, "कागद नीट होईपर्यंत घरी राहा." खरं म्हणजे अशा वेळी माणसाला खासगीत लेखी सूचना द्यायची, तो निकाल तिला मान्य आहे की नाही हे तिला ठरवू द्यायचं, आणि मान्य नसेल तर सोशल सिक्युरिटीच्या (कामगारांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या) कार्यालयात जायला तिला आठ सरकारी कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्या काळात कामावरून काढायचं नाही, घरी बसवायचं नाही, तास कमी करायचे नाहीत. मी पाच मिनिटांत सगळेच नियम मोडले, तेही सगळ्यांसमोर.

तिने एप्रन काढला, घडी केली (तिची सवय), टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी पोन्सेची आहे."

पोन्से म्हणजे प्वेर्तो रिको. प्वेर्तो रिकोत जन्मलेला माणूस जन्माने अमेरिकन नागरिक असतो; तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं ते १९१७मध्ये. आणि मी? मी तेव्हा ग्रीन कार्डवर. एका नागरिकाला परक्या देशातली ठरवून एका परक्याने घरी पाठवलं होतं.

घोळ एवढाच होता की तिच्या कागदांवर दोन आडनावं, वडिलांचं आणि आईचं, आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत एकच. आपण मराठी माणसांनी तर हे पटकन ओळखायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकत्र चिकटलेलं आहे, आणि आल्यापासून अर्ध्या कार्यालयांनी मला वडिलांच्या नावाने हाक मारलीय. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

ती परत आली नाही. काही आठवड्यांनी वॉशिंग्टनहून पत्र आलं. नोकरीत नागरिकत्वावरून भेदभाव होतो का हे पाहणारं न्याय खात्याचं कार्यालय असतं, तिथून. वकील, भरपाई, मागचा पगार, दंड. रक्कम लिहीत नाही, पण त्यात एक बरं वापरलेलं इस्त्रीमशीन आलं असतं. त्याहून महाग पडलं ते वेगळंच. तिच्यामागे आणखी दोघीजणी सोडून गेल्या, दोघींचेही कागद पक्के होते. नव्या माणसांना शिकवायला कोणी उरलं नाही. टॉवेल करडे जायला लागले आणि दोन मोटेलांनी काम काढून घेतलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे काडी मीच लावली होती. २०१४मध्ये लॉन्ड्री विकली.

आता तुमच्याबद्दल. हे सगळं वैयक्तिक मत समजा.

फ्लोरिडाच्या एसबी १७१८ या कायद्याप्रमाणे २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी मालकाला १ जुलै २०२३पासून नव्या माणसांसाठी ई-व्हेरिफाय लागतं. दिवसाला १००० डॉलर दंडाचा आकडा ऐकून सगळे हादरतात, पण तो २४ महिन्यांत तीनदा चूक केल्यावरचा आहे, आणि चूक दिसली तर सुधारायला आधी ३० दिवस देतात. म्हणजे घाबरून आज रात्रीच काही करायची गरज नाही. घाईत केलेली गोष्ट मात्र केंद्राच्या कायद्यात अडकवते. मला राज्याच्या कायद्याखाली एक पैचा दंड झाला नाही. जे काही भरलं ते राज्याच्या भीतीपोटी केंद्राचा नियम मोडल्याबद्दल.

अर्धवेळ माणसं २५मध्ये कशी मोजायची, आणि आकडा २५ होण्याआधी घेतलेल्यांचं काय, हे दोन प्रश्न इमिग्रेशन आणि कामगार कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पगार करणाऱ्याला विचारू नका. २४वर थांबण्यासाठी नवऱ्याच्या नावाने दुसरी कंपनी काढायचा सल्ला कोणीतरी देईलच. मला दिला होता. नको.

आणि कृपा करून कोणालाही "ग्रीन कार्ड दाखव" म्हणू नका. कोणता चालणारा कागद द्यायचा ते माणूस ठरवतो, आपण नाही.

अवांतर: एचबी ५६ आल्यावर सरकारी कार्यालयांतही कागद दाखवावे लागायचे. परवान्यासाठी एका कार्यालयात मी तीन चकरा मारल्या, कारण खिडकीतल्या बाईंना ग्रीन कार्ड आणि व्हिसा यातला फरक मान्य नव्हता. रांग बाहेर पार्किंगपर्यंत. माझ्या पुढचे आजोबा अलाबामातच जन्मलेले, मोटारीच्या नंबरप्लेटसाठी आलेले, मला म्हणाले, "हे तुम्हा लोकांसाठी होतं ना, मग मी का उभा आहे?" काय बोलणार. २०११च्या नोव्हेंबरात टस्कलूसात मर्सिडीजच्या एका जर्मन अधिकाऱ्याला लायसन्स जवळ नाही म्हणून पोलिसांनी पकडलं, तेव्हा कुठे राज्यातल्या मोठ्या लोकांना जाग आली. लॉन्ड्रीवाल्यासाठी कोण जागं होतंय.

अजून एक, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या इतरांसाठी. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेले सगळे, आणि नागरिक झाल्यावर सोशल सिक्युरिटीला कळवायचं राहून गेलेले: नवी नोकरी धरण्याआधी 'माय ई-व्हेरिफाय'वर स्वतःची तपासणी करून घ्या, फुकट आहे. मालकांनी मात्र ती कामगारांना करायला लावू नये, तेही चालत नाही.

ताई, तुम्ही ई-व्हेरिफायची नोंदणी आधीच केली आहे की अजून करायची आहे, हे पोस्टमधून कळलं नाही. केली असेल आणि जुनी नावं घातली असतील, तर आता आणखी काही करू नका, कोणालाही घरी पाठवू नका, आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शेवटी माझं प्रकरण मिटवणाऱ्या वकीलबाई अजून काम करतात, त्यांचा नंबर देतो.