कॅनोपी घ्या, पण आधी वजनांचे पैसे बाजूला काढा

प्रश्न: मी घरी हाताने बांधलेल्या वह्या आणि कागदी वस्तू करते. वर्षातले आठ महिने, महिन्यातून दोन रविवार, उघड्या मैदानावरच्या बाजारात टेबल लावते. मला मिळालेली जागा १० बाय १० फुटांची, खाली फरशी, वर काहीच नाही. वह्यांची कव्हरं उन्हाने विटतात, मग त्या कमी दरात काढाव्या लागतात. बाजार चारपर्यंत असतो, पण मला बारालाच आवरावं लागतं. घडीची कॅनोपी, म्हणजे चार पायांवर उघडून उभं करायचं कापडी छत, घ्यायचं ठरवलंय. मिस्टर म्हणतात, सर्वांत स्वस्त घे, मोडली तर दुसरी आणू. भाऊ म्हणतो, हप्त्यावर एकदाच भारी घे, आयुष्यभर बघायला नको. मला मधली एक बरी वाटते. काय करू?

ताई, तुम्ही किमती, भाड्याचा दर आणि धंद्याच्या खात्यातली शिल्लक असं सगळं नीट लिहून पाठवलंत, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची वेळ आली नाही. मी ते आकडे एका मापात बसवले आहेत. सर्वांत स्वस्त कॅनोपीची किंमत १०० धरली, तर मधली २४० ला पडते आणि भारी ६०० ला. भाड्याने आणली तर दर रविवारी १२. तुमच्या धंद्याच्या खात्यात ४८० आहेत, त्यातले १५० पुढच्या हंगामाच्या कागदाला आणि दोऱ्याला लागणार. म्हणजे हाताशी ३३० उरतात. घरखर्चाची चार महिन्यांची शिल्लक वेगळी आहे, तिला हात लावायचा नाही, हे तुम्हीच लिहिलंय आणि ते अगदी योग्य आहे.

आता सावलीतून मिळणार काय? विटलेल्या वह्यांपायी दर रविवारी साधारण ५ जातात, असं तुमची वही सांगते. सावलीत आणखी दोन तास थांबता आलं तर निव्वळ ६ सुटतील, असं मी धरतो. सकाळच्या तासांना तुम्हाला जे सुटतं त्यापेक्षा हा आकडा मुद्दाम कमी घेतलाय, कारण दुपारी गिऱ्हाईक पातळ असतं. म्हणजे एका रविवारी ११ चा फायदा, आणि वर्षाला १६ रविवार.

या ११ वर भावाचा सल्ला तपासून पाहू. ६०० ची कॅनोपी बारा हप्त्यांत घेतली तर दर हप्ता ५६, एकूण ६७२. त्यावर वजनं आणि बाजूचा पडदा यांचे ४० धरा, ७१२ झाले. हे वसूल व्हायला ६५ रविवार लागतील, म्हणजे चार हंगाम पूर्ण होऊन पाचवा उजाडेल. शिवाय बाजार बंद असतो ते चार महिने हप्ता काही थांबत नाही, तो घरखर्चातून जाणार. तुमच्या भावाचा हेतू चांगला आहे, वस्तूही चांगली आहे. रोज दुकान मांडणाऱ्याला ती परवडेल. महिन्यातून दोन दिवसांच्या कामासाठी कर्ज घेऊ नका, या बाबतीत माझ्या मनात शंका नाही.

स्वस्त आणि मधली यांच्यातला निर्णय मात्र सोपा नाही, आणि मिस्टरांचं म्हणणं पटकन उडवून लावण्यासारखंही नाही. १०० अधिक ४० म्हणजे १४०. तेरा रविवारांत वसूल. पहिला हंगाम निभावला तरी पैसे सुटले. मधलीला २८० लागतात, ती वसूल व्हायला २६ रविवार. कागदावर मिस्टर जिंकतात.

पण तुम्ही दोन्हींचे फोटो पाठवलेत, त्यांत एक गोष्ट दिसते. स्वस्त कॅनोपीचे पाय तिरके आहेत. खोक्यावर १० बाय १० लिहिलेलं असतं ते जमिनीवरच्या पायांमधलं अंतर. वर कापड आहे ८ बाय ८ चं. म्हणजे सावली १०० चौरस फूट नाही, ६४ चौरस फूट. मधली सरळ पायांची आहे, तिच्यात जमिनीवर जितकी जागा तितकंच छत. सहा फुटी टेबल, मागे तुमची खुर्ची आणि पुढे वही उलगडून बघणारे दोघंतिघं, एवढं ६४ फुटांत बसवायचं तर गिऱ्हाईक उन्हात उभं राहणार. ते दोन मिनिटांत निघून जाईल आणि मी धरलेले ६ येणारच नाहीत. पैशाच्या हिशोबात मला हा फरक किमतीतल्या फरकाइतकाच मोठा वाटतो.

सावलीबद्दल आणखी एक. लोक छताखालची जागा म्हणजे सावली असं धरून चालतात. सूर्य डोक्यावर असतो तेव्हाच हे खरं असतं. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असला की सावली छताच्या उंचीइतकीच बाजूला सरकते. छताची कड जमिनीपासून २.१ मीटरवर असेल तर सावली २.१ मीटर सरकली. तीन मीटर रुंदीच्या जागेतला जेमतेम ०.९ मीटरचा पट्टा सावलीत उरला, बाकीची सावली शेजाऱ्याच्या टेबलावर गेली. वह्या तर तुम्ही नेमक्या कडेला मांडणार. म्हणून एका बाजूचा पडदा मी खर्चात आधीच धरलाय. चारही बाजूंचा संच घेऊ नका. ज्या बाजूने ऊन येतं तिकडे एकच लावायचा आणि दुपारनंतर तोच काढून दुसऱ्या बाजूला बांधायचा.

पडदा १५ चा, उरलेले २५ वजनांचे. ज्या खर्चाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं तो हाच. तुमच्याकडे फरशी आहे, त्यामुळे कॅनोपीसोबत येणाऱ्या खुंट्यांचा काही उपयोग नाही. तीन बाय तीन मीटरचं छत म्हणजे ९ चौरस मीटर कापड. ताशी ४० किलोमीटरचा झोत त्या कापडात पुरता भरला तर जोर ६५ ते ७० किलो वजनाइतका होतो, आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट. कॅनोपी स्वतः असते साधारण १५ ते २५ किलोची. रिकाम्या मैदानावर ती शिडासारखी उचलली जाते, उलटते, आणि पट्ट्या वाकतात. कित्येक कॅनोप्या जुन्या होऊन नव्हे, अशा एका दुपारी संपतात. त्याहून वाईट म्हणजे ती उडून कुणाला लागली तर? त्या नुकसानीपुढे आपण मांडलेले सगळे आकडे किरकोळ ठरतील.

प्रत्येक पायाला किमान १८ ते २० किलो हवेत. वाळूच्या तयार पिशव्या मिळतात, पण मी २० लिटरचे चार कॅन सुचवेन. भरले की प्रत्येकी २० किलो पाणी, जाताना रिकामे, न्यायला हलके. मैदानावर नळ आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे प्रश्नच मिटला. कॅन नुसता पायाजवळ ठेवून चालत नाही. सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्याला पट्टा बांधून तो पायाला लागूनच सरळ खाली आणायचा आणि कॅनच्या कडीला ताणून बांधायचा. असं केलं की कुणाचा पायही अडकत नाही. पडदा लावला की वाऱ्याला आणखी एक भिंत मिळते, हेही ध्यानात असू द्या. झोत जोरात येऊ लागले तर पडदा आधी काढायचा, तरी थांबत नसतील तर कॅनोपी उतरवायची. त्या दिवशी कमाई कमी झाली तरी चालेल.

टिकण्याचं बघू. दोन्ही कॅनोप्या तितकीच सावली देतात असं घटकाभर धरलं, तर मधली स्वस्त कॅनोपीच्या २.४ पट टिकली तरच ती परवडली. तेवढी टिकेल का? हे किमतीवरून कळत नाही, हात लावून बघावं लागतं. दुकानात ती पूर्ण उघडून दाखवायला सांगा. एक पाय धरून हलवा, समोरचा कोपरा किती डुलतो ते बघा. कात्रीसारख्या पट्ट्या जिथे एकमेकींना जोडल्यात तिथे रिव्हेट आहे की नटबोल्ट, हे मी सर्वांत आधी बघेन. नटबोल्ट असला तर वाकलेली एक पट्टी काढून नवी लावता येते. रिव्हेट असला तर दुरुस्ती करणारा शोधत फिरावं लागतं. कोपऱ्यांवरचे प्लॅस्टिकचे जोड बोटाने दाबून बघा, तुटतात ते बहुधा तेच. लोखंड की ॲल्युमिनियम हे कळायला छोटं चुंबक पुरतं. ॲल्युमिनियम गंजत नाही आणि उचलायला हलकं, पण पातळ नळीचं असेल तर तेही वाकतं, तेव्हा नुसत्या नावावर जास्त पैसे मोजू नका.

मग दुकानदाराला विचारा: सुटी पट्टी मिळते का, आणि नुसतं वरचं कापड मिळतं का? कापड उन्हाने आधी जातं, सांगाडा मागे राहतो. कापड वेगळं मिळत असेल तर मधली कॅनोपी खरोखर मधल्या किमतीची आहे. दोन्हींपैकी काहीच मिळत नसेल, तर तिच्यात आणि स्वस्तातल्या कॅनोपीत मोडल्यानंतर काही फरक उरत नाही. मग मी मिस्टरांच्या बाजूने बोलेन, फक्त स्वस्तातली सरळ पायांची शोधा असं सांगेन.

कापडावर ३०० डी, ६०० डी असे आकडे असतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, आकडा मोठा तितका धागा जाड. तुमच्या वापराला ३०० पुरेसा आहे. यूपीएफ ५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, कापडातून आत येतो. कव्हरं विटण्याचा मुद्दा असल्यामुळे तुमच्यासाठी हा आकडा कामाचा आहे. तरीही बाजूने येणारा उजेड असतोच, तेव्हा गडद रंगाच्या वह्या टेबलाच्या आतल्या बाजूला मांडत चला.

वॉरंटीच्या भरवशावर जास्त पैसे देऊ नका. बहुतेक वेळा ती सांगाड्यातल्या दोषापुरती असते, वाऱ्याने मोडलं किंवा छतावर पाणी साचून वाकलं तर ती लागू होत नाही. पाण्याचं गणितही पाहून ठेवा: छताच्या एका चौरस मीटरच्या खळग्यात तीन सेंटिमीटर पाणी साचलं की ३० किलो झाले. पाऊस आला तर आतून काठीने कापड उचलून पाणी सांडत राहायचं. ओली घडी घालून पिशवीत ठेवलीत तर बुरशी धरेल, घरी आल्यावर उघडून वाळवा.

जुनी मिळाली तर? सांगाडा धड असेल आणि कापड फाटलेलं असेल तर हा सौदा चांगला ठरतो. उलट असेल तर सोडून द्या.

आता भाड्याकडे येऊ. दर वेळी १२ देऊन ११ मिळवायचे म्हणजे कायमचं भाडं तोट्यात. पण हे ११ अजून माझे कागदावरचे आहेत. म्हणून खरेदीआधी दोन रविवार भाड्याने आणा, शक्यतो सरळ पायांचीच. २४ खर्च होतील, ते मी फुकट गेले असं मानणार नाही. बारानंतर किती गिऱ्हाईक आलं, निव्वळ किती सुटलं, किती वह्या विटल्या, आणि एकटीने ती उभी करून उतरवणं जमतं का, हे चार रकाने वहीत मांडा. शेवटचा रकाना पैशाचा नाही, तरी भरा. वीस किलोची घडी गाडीत चढवायला दर वेळी कुणाला तरी बोलवावं लागणार असेल, तर काही रविवारी ती घरीच राहील.

३३० मधून २४ गेले, ३०६ राहिले. त्यात वजनं आणि पडद्यासकट मधली कॅनोपी २८० ला रोखीने येते आणि कागदाच्या १५० ना धक्का लागत नाही. घेतल्यावर दर रविवारच्या कमाईतून ४ वेगळे टाका. वर्षाला ६४ होतील, नवं कापड किंवा दोन पट्ट्या त्यातून निघतील.

भाड्याच्या त्या दोन रविवारी, भाडं वजा न करता, एका रविवारचा फायदा ९ च्या वर दिसला तर मधली घ्या. ६ च्या खाली आला तर घेऊ नका. मग २८० वसूल व्हायला ४७ रविवार लागतात, जवळजवळ तीन हंगाम, आणि तितका काळ तुमचे पैसे कॅनोपीत अडकून राहतील. तशा वेळी कडक उन्हाचे दोन महिने, म्हणजे चार रविवार भाड्याने आणा. वर्षाला ४८ लागतील, आणि वह्या विटतात त्या मुख्यतः त्याच दिवसांत. ६ आणि ९ च्या मध्ये कुठेतरी आकडा आला तर आणखी दोन रविवार भाड्याने काढा आणि चारही रविवारांचे आकडे मला पाठवा, मी पुन्हा मांडून देईन.