ईएलसीबी बसवला, तरी झटका का?

प्रश्न : माझं ग्रिल-गेटचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या पावसाळ्यात हाताखालच्या पोराला वेल्डिंगचा रॉड बदलताना झटका बसला, म्हणून वायरमनकडून ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतला. या पावसाळ्यात त्याच पोराला पुन्हा झटका बसला, पण स्विच काही पडला नाही. बोगस माल मिळाला का? आणखी एक कोडं. परवा ग्राइंडर बंद करून गेटवर नुसता ठेवला होता, तरी त्याच्या वायरीतून धूर निघाला.
– एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : टेस्टचं बटण दाबून बघा. स्विच पडला, तर बिचाऱ्यावर आळ घेऊ नका. रॉड पकडणाऱ्या होल्डरवर लक्ष ठेवणं त्याच्या हातातच नाही. तुमचं वेल्डिंग मशीन म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लाइनीची बाजू आणि होल्डरची बाजू तारेनं जोडलेल्या नसतात. होल्डरमधून निघालेला करंट पोराच्या अंगातून जॉबमध्ये, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडात, आणि तिथून मशीनकडेच परत जातो. ईएलसीबी लाइनीकडे बसून गेला किती, आला किती एवढंच बघतो. त्याचा हिशोब जुळलेलाच असतो. मशीनच्या बॉडीत लाइन उतरली किंवा ग्राइंडरला गळती लागली, तर मात्र तोच जीव वाचवेल, काढू नका.

आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, चालू असताना होल्डरवर २०-२५ व्होल्ट असतात. आर्क तुटला की ६० ते ८०. म्हणजे रॉड बदलायला हात घातला, त्याच क्षणी व्होल्टेज सगळ्यात जास्त. घामानं भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. ७० व्होल्ट धरले तर ७० मिलीअँपिअर झाले, आणि दहा-पंधराच्या पुढेच हाताची पकड सुटेनाशी होते.

आयटीआयमध्ये शिकवायला लागण्याआधी मी एका साखर कारखान्यात ऑफ सीझनची कामं करायचो. टाकीच्या आत गुडघा पत्र्याला टेकलेला, बनियन चिंब, आणि रॉडचं बूड दंडाला लागलं. ओरडताही आलं नाही. मॅनहोलपाशी बसलेल्या हेल्परनं मेन पाडला, म्हणून आज हे लिहितोय. आयईसी ६०९७४-१ या वेल्डिंग मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा ओल्या-अडचणीच्या जागेसाठी एसी मशीनला आर्क नसताना ४८ व्होल्टचीच मर्यादा आहे, एरवी ८०. हे मला फार उशिरा कळलं.

आता ग्राइंडर. तुम्ही ‘अर्थ’ची क्लिप शेडच्या खांबाला लावता ना? बहुतेक वर्कशॉपमध्ये तेच चालतं. घोळ या नावानंच केलाय. ती अर्थिंग नव्हे, करंटची परतीची केबल आहे. मशीनच्या बॉडीची अर्थिंग वेगळी, ती थ्री-पिनमधून किंवा स्वतंत्र पट्टीनं जाते. क्लिप खांबाला आणि गेट घोडीवर, तर शंभरावर अँपिअरनी परतायचं कुठून? ग्राइंडरची धातूची बॉडी गेटला टेकली होती. तिथून करंट थ्री-पिनच्या बारीक हिरव्या तारेत शिरला, बोर्डाच्या अर्थिंगमधून शेडच्या लोखंडात आणि खांबावरून क्लिपकडे. बंद-चालूचा संबंधच नाही. ती तार आता आतून तुटलेली असणार, केबल बदलल्याशिवाय ग्राइंडर कोणाच्या हाती देऊ नका. आणि क्लिप जॉबलाच लावा, वेल्डच्या जवळ, रंग-गंज घासून.

होल्डरचं बॅकेलाइट फुटलं असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, नवा घ्या. तापलेला होल्डर पाण्यात बुडवायची सवय आधी मोडा. पोराला फळीवर किंवा कोरड्या रबरी मॅटवर उभं करा, केबल खांद्याभोवती गुंडाळू देऊ नका. मशीन बदलायचंच झालं, तर व्हीआरडी असलेलं इन्व्हर्टर मशीन मागा. रॉड जॉबला टेकेपर्यंत ते व्होल्टेज उतरवून ठेवतं. तोवर चामडी हातमोज्यांचे दोन जोड घ्या. एक घामानं ओला झाला की वाळत घालायचा, दुसरा चढवायचा.