आयर्लंडमधल्या खेड्यांत सगळे एकमेकांना ओळखतात, तरी तिथल्या खुनांचा तपास इतका का अडतो? एखादं खरं प्रकरण सांगाल का?

तुम्ही लिहिलंय की आयर्लंडमधल्या खुनांवरचे पॉडकास्ट ऐकताना एकच प्रश्न पडतो: एवढ्याशा गावात खुनी कोण हे कुणालाच कसं ठाऊक नसतं? मी नंदुरबारला फौजदारी वकिली करते. मुलगी गॉलवेला शिकायला होती तेव्हा तिच्याकडे दोनदा राहून आले, आणि तिथे एका जुन्या खटल्यानं मला असं धरलं की अजून सुटका नाही. तुमच्या प्रश्नाच्या अगदी उलटं प्रकरण आहे हे. इथे तपास अडला नाही, दोन-तीन दिवसांत आटोपला. आणि तिथेच घात झाला.

गाव मामट्रास्ना. गॉलवे आणि मेयो या परगण्यांच्या सीमेवर, लॉक मास्क नावाच्या मोठ्या तळ्याजवळ, डोंगराच्या कुशीत. या भागाला जॉइस कंट्री म्हणतात, कारण इथे जॉइस आडनावाची माणसं पुष्कळ. बोली आयरिश, इंग्रजी येणारे थोडे. १७ ऑगस्ट १८८२च्या रात्री काही माणसं जॉन जॉइसच्या घरात शिरली. जॉन, त्याची बायको, म्हातारी आई आणि मुलगी जागीच गेली. मोठा मुलगा मायकेल गोळ्या लागून तडफडत होता, तो दुसऱ्या दिवशी गेला. धाकटा पॅट्सी, नऊ-दहा वर्षांचा, डोक्याला जबर मार लागूनही वाचला.

जॉनला का मारलं याच्या अनेक कहाण्या आहेत. मेंढ्या चोरायचा म्हणे, गुप्त संघटनेच्या बातम्या फोडायचा म्हणे. त्यात मी शिरत नाही. पण ते वर्ष कसलं होतं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जमीनदार आणि कुळांची लढाई पेटली होती. जानेवारीत त्याच तळ्यात एका जमीनदाराच्या दोन वसुलीदारांची प्रेतं सापडली होती. मे महिन्यात डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये सरकारचा मुख्य सचिव आणि त्याचा दुय्यम अधिकारी यांना भरदिवसा भोसकलं होतं. इंग्रज सरकारला आता गुन्हेगार हवे होते, आणि ते लवकर हवे होते.

ते मिळालेही. अँथनी जॉइस, त्याचा भाऊ आणि पुतण्या असे तिघं पोलिसांकडे आले. म्हणाले, रात्री कुत्री भुंकली म्हणून जाग आली, अंधारातून माणसं जाताना दिसली, आम्ही लपतछपत डोंगरातून त्यांच्या मागोमाग गेलो, त्या घरापर्यंत. आणि त्यांनी एकूण दहा जणांची नावं दिली. काळोख्या रात्री, दुरून, दहाच्या दहा! माझ्यासमोर असा साक्षीदार आला तर उलटतपासणीत पहिला प्रश्न विचारीन, चंद्र कुठे होता? शिवाय या तिघांचं आरोपींपैकी काहींशी जुनं भांडण होतं, आणि ते साऱ्या डोंगराला ठाऊक होतं.

दहा जण पकडले गेले. त्यातले दोघे, अँथनी फिलबिन आणि थॉमस केसी, माफीचे साक्षीदार झाले. उरले आठ. खटला गॉलवेत न चालवता नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या ग्रीन स्ट्रीट कोर्टात नेला, कारण नव्या कडक कायद्यानं तशी मुभा दिली होती. बचावाचा सॉलिसिटर चोवीस वर्षांचा तरुण. त्याला आयरिश येत नव्हतं, आणि पक्षकारांपैकी बऱ्याच जणांना इंग्रजी येत नव्हतं.

आरोपींवर एकेक करून खटला चालला. तिसरा खटला माइल्स जॉइसचा. आयरिशमध्ये त्याचं नाव मॉलरा शोया. कामकाज इंग्रजीत चाललं आणि काय चाललंय हे त्याला समजावून सांगायची तजवीज नव्हती. ज्यूरी सहा मिनिटांत परतली: दोषी. त्यानंतर, तुला काही सांगायचंय का हे विचारण्यासाठी दुभाष्या पुढे झाला. माइल्सनं त्याच्यामार्फत सांगितलं की जो माणूस अजून जन्मालाच आला नाही त्याचा या खुनाशी जेवढा संबंध, तेवढाच माझा. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते. आमच्याकडे धडगावकडून येणारे पक्षकार पावरी बोलतात. साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल तर ती भर कोर्टात त्याला समजावून सांगावी, असं आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये लिहिलेलं होतं. ते कलम कशासाठी असतं हे मला कॉलेजात कळलं नव्हतं, माइल्सच्या खटल्यानं कळलं.

तिघांना फाशी ठरली. उरलेल्या पाच जणांना गुन्हा कबूल करायला लावलं आणि त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. फाशीच्या आधी इतर दोघांनी, पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसी यांनी, माइल्स निर्दोष आहे, तो तिथे नव्हता, असं लिहून दिलं. मरणाऱ्या माणसांना खोटं बोलून काय मिळणार होतं? पण लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे आयर्लंडमधला इंग्रज सरकारचा प्रमुख, अर्ल स्पेन्सरनं फाशी थांबवली नाही. १५ डिसेंबर १८८२ला गॉलवेच्या तुरुंगात तिघांना लटकवलं. माइल्स शेवटपर्यंत आयरिशमध्ये आपलं निर्दोषत्व सांगत होता. बोलता बोलता दोर हाताला अडकला आणि त्याचा जीव लगेच गेला नाही.

तो तुरुंग आता नाही. त्या जागी गॉलवेचं कॅथेड्रल आहे, आणि फाशी दिलेल्यांना पुरलं होतं त्या आवारात आज गाड्या लागतात. मुलीनं मला तिथे नेलं तेव्हा पाऊस होता. मी छत्री धरून बराच वेळ उभी होते.

आता मला मुळात जे सांगायचंय ते. पॅट्सी आणि मरण्यापूर्वी मायकेल, दोघांनी सांगितलं होतं की आलेल्या माणसांचे चेहरे काळे केलेले होते, ओळखू आले नाहीत. मायकेलचं म्हणणं तर मृत्युपूर्व जबानीच. घरातल्या उजेडात, हातभरावर असलेल्या मुलांना जे चेहरे ओळखता आले नाहीत, ते काळोखात लपून चालणाऱ्या तिघांनी दहाच्या दहा ओळखले! हा एक कागद ज्यूरीसमोर आला असता तर खटला उभाच राहिला नसता. तो सरकार पक्षाच्या फायलीत होता. बचावाला दिला नाही. १८८४ मध्ये खासदार टिम हॅरिंग्टननं ती फाइल मिळवून छापली तेव्हा लोकांना कळलं. त्या तिघा साक्षीदारांना सरकारनं मिळून १,२५० पौंड दिले होते, हेही असंच मागाहून बाहेर आलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच भागातल्या टूरमाकेडी गावाच्या चर्चमध्ये, आर्चबिशप आणि भरल्या गावासमोर थॉमस केसी उभा राहिला आणि आपली साक्ष खोटी होती, माइल्स निर्दोष होता, हे त्यानं कबूल केलं. साक्ष दे नाहीतर फास, एवढाच पर्याय आपल्यासमोर ठेवला होता असं तो म्हणाला. लंडनच्या संसदेत चर्चा झाली, आयरिश नेता पार्नेल याच्या पक्षानं चौकशी मागितली, स्पेन्सरनं नाकारली. जन्मठेपेतले दोघे तुरुंगातच मेले, तिघे वीस वर्षांनी, १९०२ मध्ये सुटले. माइल्सला आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी माफी दिली ती एप्रिल २०१८ मध्ये.

तुम्हाला वाटेल की हे इंग्रज राजवटीतलं, स्वतंत्र आयर्लंडमध्ये असं झालं नसेल. झालं. टिपरेरीतल्या न्यू इन गावाजवळ नोव्हेंबर १९४० मध्ये मॉल मॅकार्थी या बाईचा गोळी घालून खून झाला. लग्न न झालेली, अनेक मुलांची आई, आणि त्या मुलांचे बाप गावातलेच. प्रेत पहिल्यांदा दिसलं ते हॅरी ग्लीसनला, आपल्या मामाच्या शेतात. तो स्वतः पोलिसांकडे गेला आणि पोलिसांनी त्यालाच धरलं. एप्रिल १९४१ मध्ये फाशी झाली. २०१५ मध्ये सरकारनं त्याच्या माफीचा निर्णय घेतला, आणि त्यात एक गोष्ट पुढे आली: काडतुसं कधी विकत घेतली याची दुकानातली नोंदवही होती, ती ज्यूरीपुढे ठेवलीच नव्हती. पुन्हा तेच. गावातल्या अनेकांना बरंच काही ठाऊक असावं असं मला त्या खटल्याबद्दल वाचून वाटतं, पण बोलायचं तर मॉलच्या मुलांचे बाप कोण हेही उघड झालं असतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: लहान गावात माहिती असतेच, पण ती वैर, भीती आणि लाज यांतून गाळून पोलिसांपर्यंत पोचते. पोलिसांनाही घाई असली की पहिली आलेली गोष्ट शेवटची ठरते.

पॅट्सीबद्दल राहिलं. त्याला डब्लिनच्या कोर्टात आणलं होतं. शपथ म्हणजे काय, खोटं बोललं तर काय होतं, असं विचारलं गेलं. त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून त्याची साक्ष घेतलीच नाही. पुढे त्याला आणि त्या रात्री घरी नसल्यामुळे वाचलेल्या त्याच्या भावाला डब्लिनजवळच्या आर्टेनच्या मुलांच्या संस्थेत पाठवून दिलं.