महागडं तिकीट घ्यायचं का?

गाण्याच्या लाइव्ह कार्यक्रमाला पहिल्यांदाच जातोयस ना, मग आधी ठरव: तुला गाणं ऐकायचंय की गायक जवळून बघायचाय? पैशाचा हिशोब त्यावरच.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले, तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. पण जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला आवाज, असं मुळीच नाही. सगळ्यात स्वच्छ आवाज मिळतो मिक्सिंग कन्सोलच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायच्या यंत्राच्या आसपास, कारण साउंड इंजिनियर स्वतःच्या कानांवर भरवसा ठेवून तिथूनच सगळं जुळवत असतो. ही जागा स्टेजसमोर, पण बरीच मागे असते. अगदी पुढे कठड्याला चिकटलास तर बास छातीत धडधडतो आणि शब्द कळत नाहीत. वरच्या स्टँडचं वेगळंच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दीडशे मीटरवरून ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते, ठोका मागाहून येतो. लाइट शो बघायचा असेल तर मात्र वरूनच मजा!

लाउंजमध्ये, म्हणजे महागड्या खास विभागात, तू बरेचसे पैसे सोफ्याचे आणि खाण्याचे भरतोस. ब्लॅकनं तर अजिबात घेऊ नकोस.

माझ्या मते पुढच्या रांगेचे पैसे वसूल होतात ते छोट्या सभागृहात. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात पुढे बसलास की तबल्यावरची बोटं दिसतात, तान घेण्याआधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि हे तिकीट स्टेडियमपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच असतं.

स्टेडियमलाच जाणार असशील तर परतीचं लोकल तिकीट आधीच काढून ठेव.